ठिपक्यांच्या रांगोळीचे हस्तरेखाटन आणि संगणकीय रंगयोजना : तंत्र, भूमिती आणि जतन

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील अनेक घरांत रांगोळीची एक जुनी वही आढळते. शाळेच्या उरलेल्या पानांची, कधी चौकटीची, कधी कोरी. तिच्यात पेन्सिलीने किंवा बॉलपेनने ठिपके मांडलेले असतात, ते जोडून कमळ, कासव, साखळी, तारा असे आकार साकारलेले असतात आणि पानाच्या कोपऱ्यात '१५ ते ८' किंवा '७ ते ४' असा ठिपक्यांचा हिशेब लिहिलेला असतो. अंगणातील रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. त्यामुळे या कलेचा टिकणारा पुरावा बहुतेक वेळा ही वहीच असते. वहीवर नाव क्वचितच असते. कागद पिवळा पडतो, पेन्सिल पुसट होते आणि घर बदलताना वही रद्दीत जाते.

संगणक, स्कॅनर आणि भ्रमणध्वनीवरील कॅमेरा आता सर्वत्र उपलब्ध असल्याने अशा रेखाटनांचे रंगीत संगणकीय चित्रांत रूपांतर करणे सोपे वाटते. प्रत्यक्षात या प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर एक निर्णय घ्यावा लागतो : कोणती रेषा खरी आणि कोणता डाग, कोणती चूक सुधारावी आणि कोणती हाताची खूण म्हणून राखावी. हे निर्णय नकळत घेतले गेल्यास चित्र सुबक होते. परंतु मूळ रेखाटन हरवते. म्हणून या प्रक्रियेचे तांत्रिक व भूमितीय स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१) ठिपक्यांच्या रांगोळीमागील भूमितीय रचना स्पष्ट करणे.
२) हस्तरेखाटनापासून संगणकीय रंगचित्रापर्यंतच्या टप्प्यांचे कार्यकारणासह विवेचन करणे.
३) रंगयोजनेचे गणिती व दृश्य निकष मांडणे.
४) हस्तरेषेचे जतन व निर्मातीचे श्रेय यासंबंधी दक्षता सुचविणे.

१. ठिपक्यांची भूमिती :

ठिपक्यांच्या मांडणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात ठिपके एकाखाली एक येतात. ७ ओळी आणि प्रत्येकीत ७ ठिपके असल्यास एकूण ४९ ठिपके होतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक ओळीतील ठिपका वरच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो. '७ ते ४' याचा अर्थ मधल्या ओळीत ७ ठिपके आणि वरखाली ते एकेकाने कमी होत शेवटी ४. म्हणजे ४, ५, ६, ७, ६, ५, ४ असे एकूण ३७ ठिपके. '१५ ते ८' या मांडणीत याच रीतीने १६९ ठिपके होतात. दोन्हींची बाह्याकृती षटकोनी असते.

३७ ठिपक्यांच्या मांडणीत शेजारचे सर्व ठिपके सरळ रेषांनी जोडले तर ९० रेषाखंड आणि ५४ लहान त्रिकोण तयार होतात. ऑयलरच्या सूत्रानुसार शिरोबिंदूंच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून क्षेत्रांची संख्या मिळविली असता उत्तर २ येते. येथे बाहेरचे मोकळे क्षेत्र धरून ५५ क्षेत्रे आहेत, आणि ३७ − ९० + ५५ = २ हा ताळा जमतो. हा ताळा केवळ सैद्धांतिक नाही. रंग भरण्यापूर्वी संगणकाने ५४ ऐवजी ५२ बंद आकार मोजले तर रेषा बहुधा दोन ठिकाणी तुटली आहे असे समजावे; ५७ मोजले तर कागदावरील डाग किंवा दुहेरी ओढलेली रेषा आकार म्हणून धरली गेली आहे असे समजावे.

षटकोनी मांडणीत आणखी एक अडचण दडलेली असते. सर्व शेजारी ठिपके समान अंतरावर यावयाचे असतील, तर दोन ओळींमधील अंतर हे ओळीतील दोन ठिपक्यांमधील अंतराच्या सुमारे ०.८६६ पट असावे लागते. चौकटीच्या वहीत मात्र सोयीसाठी दोन चौकटी सोडून ठिपका आणि दोन चौकटी सोडून पुढची ओळ अशी मांडणी केली जाते. मग आडव्या शेजाऱ्यांमधील अंतर २ चौकटी राहते. परंतु तिरप्या शेजाऱ्यांमधील अंतर सुमारे २.२४ चौकटी होते. ठिपक्यांतील आडवे अंतर १ सेंटिमीटर असल्यास '७ ते ४' ची आकृती ६ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच येते. समभुज मांडणीत तिची उंची सुमारे ५.२ सेंटिमीटर असावयास हवी. डोळ्यांना हा फरक फारसा खटकत नाही. मात्र आकृतीचा सहावा भाग रंगवून तो ६० अंशांत फिरवून उरलेली आकृती पूर्ण करू पाहणाऱ्यास रेषा जुळत नसल्याचे लगेच दिसते. अशा वेळी चित्राची उंची आधी ८६.६ टक्क्यांवर आणावी आणि हा बदल नोंदवून ठेवावा. जमिनीवर काढणारी स्त्री ठिपक्यांचे अंतर बोटांच्या अंदाजाने राखते, चौकटीने नव्हे. त्यामुळे ही दुरुस्ती नक्षीत फेरफार करीत नाही, तर वहीच्या चौकटीने आलेली विकृती दूर करते.

२. कागदावरून संगणकात :

स्कॅन केलेले चित्र लहान चौकोनी चित्रबिंदूंचे म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. ए-४ आकाराचा कागद प्रति इंच ३०० बिंदू या घनतेने स्कॅन केल्यास सुमारे २४८० × ३५०८ म्हणजे ८७ लाख पिक्सेल मिळतात. या घनतेला ०.५ मिलिमीटर जाडीची रेषा साधारण ६ पिक्सेल रुंद येते. ६०० च्या घनतेला ती १२ पिक्सेल होते. बारीक पेन्सिलीच्या रेखाटनासाठी ६०० ची घनता अधिक उपयुक्त ठरते, कारण रेषेची कड ठरविण्यास पुरेसे पिक्सेल हाती येतात. ३०० च्या घनतेने घेतलेले चित्र चौपट मोठे छापल्यास प्रति इंच केवळ ७५ बिंदू उरतात आणि कडा दातेरी दिसू लागतात.

स्कॅनर नसल्यास कॅमेऱ्याचा वापर करता येतो; परंतु कॅमेरा कागदाला समांतर नसेल तर चौरसाचा विषमभुज चौकोन होतो आणि सममिती बिघडते. कागदाचे चारही कोपरे चित्रात घेतल्यास ही विकृती नंतर दुरुस्त करता येते. हाताची सावली आणि खिडकीकडून येणारा एकतर्फी प्रकाश यांमुळे कागदाचा एक भाग काळपट येतो. त्याचा त्रास पुढच्या टप्प्यात जाणवतो.

मूळ प्रत टिफ किंवा पीएनजी स्वरूपात साठवावी. जेपेग स्वरूपात माहिती आक्रसताना रेषांभोवती पुसट ठिपक्यांची झालर तयार होते आणि रेषा व कागद यांतील सीमा संदिग्ध होते. मूळ स्कॅन कधीही न बदलता पुढील सर्व काम त्याच्या प्रतीवर करावे, हा नियम या प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाचा आहे.

३. रेषा वेगळी करणे :

रंग भरण्यापूर्वी रेषा आणि कागद वेगळे करावे लागतात. त्यासाठी एक सीमामूल्य ठरविले जाते. त्याहून गडद ते काळे, फिकट ते पांढरे. सीमामूल्य जास्त ठेवले तर कागदावरचे डागही रेषा बनतात. कमी ठेवले तर पुसट पेन्सिल नाहीशी होते. जपानी संशोधक नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत चित्रातील गडद-फिकट मूल्यांच्या वितरणावरून हे मूल्य आपोआप काढले जाते. प्रकाश असमान असेल तर संपूर्ण पानास एकच मूल्य लावणे चुकीचे ठरते. पानाच्या लहान लहान भागांसाठी स्वतंत्र मूल्य काढावे लागते.

रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा व निळा असे तीन चॅनेल असतात आणि त्यांतील योग्य चॅनेलची निवड केल्यास बरेच काम सोपे होते. पिवळा पडलेला कागद निळा प्रकाश शोषतो. म्हणून निळ्या चॅनेलमध्ये तो काळवंडलेला आणि लाल चॅनेलमध्ये उजळ दिसतो. उलट निळ्या शाईची रेषा लाल चॅनेलमध्ये गडद उमटते. त्यामुळे निळ्या बॉलपेनने पिवळ्या कागदावर काढलेल्या जुन्या रांगोळीसाठी लाल चॅनेल घेतल्यास कागदाचे पिवळेपण मावळते आणि रेषा ठळक होते. वहीच्या चौकटी फिकट निळ्या आणि रेखाटन काळ्या शाईचे असेल तर निळा चॅनेल उपयोगी पडतो. त्यात चौकटी जवळजवळ अदृश्य होतात. कागदही पिवळा आणि चौकटीही निळ्या असतील तर मात्र एक चॅनेल पुरत नाही. चौकटी हाताने पुसाव्या लागतात. नवीन रेखाटन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ठिपके फिकट निळ्या पेन्सिलीने आणि अंतिम रेषा काळ्या शाईने काढल्यास ही सर्व खटपट वाचते.

४. बंद आकार आणि रंगाची गळती :

संगणकात रंग भरण्याचे साधन बादलीच्या चिन्हाने दर्शविले जाते आणि त्याचे काम पाण्यासारखेच चालते. निवडलेल्या पिक्सेलपासून रंग शेजारच्या सारख्या पिक्सेलमध्ये पसरत जातो आणि रेषेपाशी थांबतो. रेषेत एका पिक्सेलची फट राहिली तरी रंग शेजारच्या आकारात आणि तेथून कदाचित संपूर्ण पानावर पसरतो. शेजार कसा मोजला जातो हेही महत्त्वाचे आहे. एक पिक्सेल जाडीच्या तिरप्या रेषेचे पिक्सेल केवळ कोपऱ्यांनी एकमेकांना टेकलेले असतात. रंग चार दिशांनीच पसरत असेल तर ही रेषा त्यास अडविते. आठ दिशांनी पसरत असेल तर तो कोपऱ्यातून निसटतो.

हाताने काढलेल्या रांगोळीत रेषा ठिपक्यापाशी किंचित अपुरी राहणे स्वाभाविक असते. डोळा ती फट भरून काढतो. संगणकाला ते जमत नाही. यावर तीन उपाय आहेत. पहिला, रेषा तात्पुरती जाड करून आकार ठरवावेत आणि नंतर मूळ जाडी परत आणावी. ६ पिक्सेलची फट बुजविण्यासाठी रेषा प्रत्येक बाजूने ३ पिक्सेल वाढवावी लागते. दुसरा, रेखाचित्रातील फटी ओळखून रंग भरण्याची सोय असलेली प्रणाली वापरावी. गिंप या मुक्त प्रणालीत ही सोय २०१९ मधील २.१०.१० या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. तिसरा, जोडरेषा एका स्वतंत्र लेअरवर काढाव्यात आणि रंग भरल्यावर तो लेअर अदृश्य करावा. तिसरा उपाय अधिक वेळ घेतो. परंतु त्यात मूळ रेषेला धक्का लागत नाही आणि काय जोडले याची नोंदही राहते.

रंग भरल्यानंतर रेषेच्या कडेला पांढरी किनार उरणे ही दुसरी नेहमीची अडचण होय. रेषेची कड काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या छटांनी बनलेली असते आणि बादलीचा रंग त्या छटांपूर्वीच थांबतो. यासाठी रंग रेषेच्या खालच्या लेअरवर भरावा, त्याची मर्यादा एक-दोन पिक्सेल रेषेच्या आत सरकवावी आणि रेषेच्या लेअरला गुणाकाराची रीत लावावी. या रीतीत वरच्या व खालच्या लेअरच्या मूल्यांचा गुणाकार करून त्यास २५५ ने भागतात. रेषेच्या लेअरवरील पांढऱ्याचे मूल्य २५५ असल्याने खालचा रंग जसाच्या तसा दिसतो. काळ्याचे मूल्य ० असल्याने काळी रेषा काळीच राहते. करड्या कडा रंगात विरघळतात.

५. रंगयोजना :

किती रंग पुरेसे आहेत, या प्रश्नास गणिताने उत्तर दिले आहे. सपाट पृष्ठावरील कोणत्याही नकाशात सामाईक सीमा असलेल्या क्षेत्रांना भिन्न रंग देण्यासाठी चार रंग पुरतात, हा सिद्धांत केनेथ अपेल आणि वुल्फगँग हाकेन यांनी १९७६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केला. रांगोळीत याहून कमी रंगांतही काम भागते. आकृतीच्या आतील प्रत्येक छेदबिंदूपाशी सम संख्येने रेषा मिळत असतील तर दोनच रंग पुरतात. ३७ ठिपक्यांच्या संपूर्ण जाळीत आतील प्रत्येक ठिपक्यापाशी सहा रेषा मिळतात. म्हणून वर टोक असलेल्या त्रिकोणांना एक आणि खाली टोक असलेल्यांना दुसरा रंग दिला की शेजारी एकरंगी येत नाहीत. एकाच अखंड रेषेने स्वतःला छेदत जाणाऱ्या नक्षीलाही हाच नियम लागू पडतो.

तमिळनाडूतील कोलममध्ये ठिपक्यांभोवती वळत जाणाऱ्या अशा रेषा विपुल आढळतात. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये कोलमच्या रचनेचा संगणकीय व्याकरणाच्या अंगाने अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रियांच्या नित्य व्यवहारातील कलेत गणिताला पुरेल एवढी शिस्त आहे, हे त्या अभ्यासाने विद्वत्क्षेत्रात रूढ केले.

सहा समान भागांच्या आकृतीत प्रत्येक भागात ५४ पैकी ९ त्रिकोण येतात. केवळ ९ त्रिकोणांचे रंग ठरवून ते ६० अंशांच्या पटीत फिरविल्यास संपूर्ण रांगोळी रंगते. यामुळे एकाच रेखाटनावर अनेक रंगयोजना अल्पावधीत पडताळता येतात. अंगणात हे शक्य नसते.

रांगोळीची पूड आणि संगणकाचा पडदा यांतील रंगांचे वर्तन मात्र भिन्न असते. पडद्यावर लाल व हिरवा प्रकाश एकत्र आल्यास पिवळा दिसतो. लाल व हिरवी पूड मिसळल्यास मळकट तपकिरी रंग मिळतो. पुडीत फिकी छटा पांढरी रांगोळी मिसळून तयार करतात. पडद्यावर तिचे अनुकरण ढोबळमानाने सरासरीने करता येते : लाल २२०, हिरवा ३०, निळा ६० अशा गुलालासारख्या रंगात निम्मे पांढरे मिसळल्यास मूल्ये सुमारे २३८, १४३, १५८ होतात आणि गुलाबी छटा मिळते.

शेजारच्या रंगांत केवळ रंगभेद पुरेसा नसून उजळपणाचा भेदही असावा लागतो. उजळपणाच्या प्रमाणित सूत्रात हिरव्या प्रकाशाचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ टक्के आणि निळ्याचा ७ टक्के आहे. त्यामुळे शुद्ध हिरवा डोळ्यांना उजळ आणि शुद्ध निळा गडद भासतो. चित्र क्षणभर कृष्णधवल करून पाहिल्यास ज्या शेजारी आकारांचा करडेपणा सारखा येतो ते ओळखता येतात. लाल-हिरवा भेद न जाणवणाऱ्या वाचकांसाठी आणि छायाप्रतीसाठी ही तपासणी आवश्यक आहे. चार शायांच्या छपाईत पडद्यावरील तेजस्वी गुलाबी, निळे व हिरवे रंग मंदावतात. म्हणून अंतिम निवड नमुना छापून पाहिल्यावरच करावी.

६. हस्तरेषेचे काय ?

मोठ्या आकारातील छपाईसाठी पिक्सेलच्या रेषेचे सदिश रेषेत, म्हणजे गणिती वक्रांनी व्यक्त केलेल्या रेषेत, रूपांतर केले जाते. इंकस्केप या मुक्त प्रणालीतील ही सोय पीटर सेलिंजर यांच्या पोट्रेस या आज्ञावलीवर आधारलेली आहे. ती रेषेच्या दोन्ही कडांचा माग घेते. त्यामुळे रेषेची कमी-अधिक जाडी टिकते. रेषेचा केवळ मध्य शोधणारी पद्धत सर्व रेषा एकाच जाडीच्या करून टाकते. दोन्ही पद्धतींत वक्र किती गुळगुळीत करावयाचे हे ठरविता येते आणि येथेच विवेकाची कसोटी लागते.

हाताच्या रेषेत माहिती असते. रेषेचा आरंभ जाड आणि शेवट निमुळता असेल तर ती कोणत्या दिशेने ओढली हे समजते. दोनदा गिरवलेली पाकळी ही काढणारीच्या दुरुस्तीची खूण असते; पुसलेल्या ठिपक्यांच्या ओळीवरून आधी मोठी मांडणी योजली होती असा तर्क करता येतो. एक भाग फिरवून सहा भाग तयार केले की मूळ सहा भागांतील पाच भाग नष्ट होतात आणि त्यांतील भिन्नताही जाते. म्हणून उद्देशानुसार दोन स्वतंत्र प्रती तयार करणे इष्ट ठरते : एक जतनप्रत, जीत केवळ कागदाचे डाग काढले आहेत व रेषा हाताची आहे, दुसरी रंगप्रत, जीत मांडणी सम केली आहे व रंग भरले आहेत. रंगप्रतीवर ती पुनर्रचना असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा.

७. श्रेय आणि जतन :

परंपरेने चालत आलेल्या आकृतिबंधावर एका व्यक्तीचा हक्क सांगता येत नाही. परंतु एखाद्या स्त्रीने स्वतः योजलेली मांडणी ही तिची निर्मिती असते. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार रेखाचित्र हे कलाकृतीत मोडते, प्रताधिकाराची मुदत सर्वसाधारणपणे निर्मात्याच्या हयातीनंतर ६० वर्षे असते आणि कलम ५७ नुसार निर्मात्यास आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क असतो. वही घरातली आहे, म्हणून ती कोणाचीच नाही, असा समज धरून रंगीत चित्रावर केवळ रंग भरणाऱ्याचे नाव घालणे न्याय्य नाही.

प्रत्येक स्कॅनसोबत पुढील नोंदी ठेवाव्यात : वहीचे गाव, काढणारीचे नाव व ते देण्यास तिची किंवा कुटुंबीयांची संमती, ठिपक्यांचा हिशेब, नक्षीचे घरातील नाव, ती कोणत्या प्रसंगी काढली जाई आणि संगणकात केलेले बदल. नक्षीचे नाव विशेष महत्त्वाचे आहे. आकृती पुन्हा काढता येते. ती घरात कोणत्या नावाने ओळखली जाई हे सांगणारी व्यक्ती गेल्यावर ते पुन्हा मिळविता येत नाही.

८. अध्यापनातील उपयोग :

शासकीय रेखाकला परीक्षांमुळे महाराष्ट्रातील बरेच विद्यार्थी भूमिती व संकल्पचित्र यांच्याशी शाळेतच परिचित झालेले असतात. महाविद्यालयात गणित, संगणकशास्त्र, गृहविज्ञान आणि मराठी या विभागांना मिळून एक उपक्रम हाती घेता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील किंवा शेजारच्या वहीतील एक रांगोळी संमतीने स्कॅन करावी, ऑयलरच्या सूत्राने तिची क्षेत्रे मोजावीत, दोन रंगयोजना कराव्यात आणि काढणारीची मुलाखत घेऊन नक्षीचे नाव व प्रसंग नोंदवावा. यासाठी लागणाऱ्या प्रणाली विनामूल्य आहेत. खर्च प्रामुख्याने वेळेचा आहे.

निष्कर्ष :

१) ठिपक्यांच्या रांगोळीची रचना काटेकोर भूमितीय असल्याने तिचे संगणकीय रूपांतर मोजून पडताळता येते.
२) चौकटीच्या वहीतील षटकोनी मांडणी उंचीत सुमारे १५.५ टक्क्यांनी अधिक असू शकते. रंगवलेला भाग फिरविण्यापूर्वी ती दुरुस्त करणे आवश्यक आहे.
३) कागद व शाई यांच्या रंगानुसार योग्य चॅनेल निवडल्यास जुनी, पुसट रेखाटनेही वाचविता येतात.
४) जोडरेषा व रंग स्वतंत्र लेअरवर ठेवल्यास मूळ रेषा अबाधित राहते.
५) जतनप्रत व रंगप्रत वेगळ्या ठेवणे आणि निर्मातीचे नाव नोंदविणे हे तंत्राइतकेच महत्त्वाचे आहे.

समारोप :

संगणकीय रंगप्रत कधीही नव्याने तयार करता येईल. प्रणाली बदलतील, रंग बदलतील, घनता वाढेल. पेन्सिलीची रेषा मात्र एकदा पुसट झाली की परत येत नाही. त्यामुळे रंगकामाची घाई नसली तरी वहीचे पान स्कॅन करण्याची आणि ते काढणारीला दोन प्रश्न विचारण्याची निकड निश्चितच आहे.